आजोबांच्या अंगातला सदरा

कुस्को,
सांतियागोच्या सणानंतरचा गुरुवार, सन १५६०

आत्या,

तुझ्या चुलीला आणि घरामागच्या डोंगराला इथून नमस्कार. मी बरी आहे. तुम्हीही सगळे बरे असाल असं धरून चालते.

या पत्रासोबत मिठाचे खडे, लोखंडी सुया आणि निळीची पुडी पाठवते आहे. सुयांना ओल लागू देऊ नकोस, गंजतात. चरबी लावलेल्या चिंधीत खोचून ठेव. नीळ तुझ्या लेकीसाठी, कुसीसाठी आहे. तिला म्हणावं, सूत शिळ्या मुतात नीट भिजू दे, वास आला म्हणून मध्येच उपसू नकोस. मागच्या वेळी तिने घाई केली आणि शालीवर ढग आले.

इथे काम पुष्कळ आहे. ज्यांच्या घरी मी विणते त्या बाईसाहेबांनी चर्चसाठी मोठा पडदा काढायला घेतला आहे. त्यात द्राक्षांचे वेल आहेत आणि मधोमध सिंह आहे. सिंह मी कधी पाहिलेला नाही. बाईसाहेबांनीही पाहिला नसावा, कारण त्यांनी कोळशाने काढून दिलेला सिंह उपाशी कुत्र्यासारखा दिसतो. मी तो तसाच विणते. मला सांगितलेलं विणण्यासाठी ठेवलं आहे.

बाबांच्या पाठीवरचे वळ भरले का, ते कळव. जखम ओली असेल तर तिच्यावर घोंगडं चिकटू देऊ नका. केस आता थोडे वाढले असतील. केस कापलेल्या माणसाच्या तोंडाकडे लोक बघत नाहीत, हे मला माहीत आहे. तू बघत जा. तो तुझा धाकटा भाऊ आहे.

स्पेनच्या अंमलदाराने आजोबांच्या अंगातून काढलेला तो सदरा इथे आणला होता. कुस्कोत जुन्या पद्धतीने विणणाऱ्या बायका आता थोड्याच उरल्या आहेत, म्हणून मला बोलावलं. काम कोणत्या काळातलं, असं विचारलं. जुनं, इंकांच्या वेळचं, असं मी सांगितलं. त्यांनी ते लिहून घेतलं. एवढंच झालं.

आजोबांबद्दल मी लिहिणार नाही. पाच पिढ्यांमागे त्यांचा श्वास थांबला, अंग वाळवून जपलं, आणि तरी परवापर्यंत ते सणाला आपल्यात येऊन बसत होते, नवं वस्त्र नेसत होते, आपण ओतलेली मक्याची दारू घेत होते. आता चौकात राख आहे. त्यावर शब्द खर्च करून काही होणार नाही.

गास्पारभावजी, हे तुम्हीच वाचून दाखवत असणार, कारण गावात दुसऱ्या कोणाला अक्षर येत नाही. मागच्या पत्रातली दोन वाक्यं तुम्ही गाळलीत आणि एक पदरचं घातलंत, असं तुमच्याच कुसीने निरोपात कळवलं. तसं करू नका. चर्चमधल्या उरलेल्या मेणबत्त्या कुठे जातात ते मी अजून कोणाला सांगितलेलं नाही.

तुझी भाची,
लुसिया, म्हणजे आपल्या घरातली चिम्पु


कुस्को,
सान लोरेन्सोच्या सणाचा दुसरा दिवस

आत्या,

नमस्कार. तुझं उत्तर काल लामांच्या तांड्याबरोबर आलं. लाह्या मिळाल्या. लाह्यांबद्दल पुढे काही लिहिता येईना, म्हणून थेट उत्तराकडे वळते.

तू भावजींना जे सांगितलंस ते त्यांनी या वेळी गाळलेलं दिसत नाही. तू लिहिलंस:

‘तुझ्या बापाच्या पाठीची चौकशी करू नकोस. पाठ भरेल. तोंड काळं झालं ते कशाने भरायचं? लामांचा राखणदार म्हातारा चोके थंडीत गेला, गारठ्याने वाळला, मागे कोणी नव्हतं, म्हणून आपण त्याला आजोबांचं वस्त्र नेसवलं, डोक्याला पिसं लावली, त्याच्यापुढे बसून खोटं रडलोसुद्धा. आजोबांना न्यायला आलेले दाढीवाले त्यालाच आजोबा समजून घेऊन निघाले होते. आणि खरे आजोबा चोकेच्या फाटक्या घोंगड्यात, गुहेत बाकीच्या मेलेल्यांच्या रांगेत, कोणाच्या ध्यानीमनी नाही. सगळं जमलं होतं. मग आजोबांच्या अंगात तो सदरा कोणी घातला? अंमलदाराने विचारलं तेव्हा तुझा बापच म्हणाला ना, मी गुंडाळलं म्हणून? आजोबांच्या वस्त्रांची पेटी कोणाच्या ताब्यात? सदरा जुना, म्हणजे पेटीतलाच, हे तर तूच सांगितलंस. खूण घातली त्याने. घोंगडं उचकटा, आत राजा आहे, अशी खूण. काय घेतलं त्याबदली ते त्याला आणि दाढीवाल्यांना ठाऊक. आता वरच्या गोठ्यात राहतो. त्याला विस्तव द्यायचा नाही असं ठरलं आहे. बटाट्याची लावणी तोंडावर आली. त्याच्या वावरात कोणी पाऊल टाकणार नाही. तू मात्र खरं बोललीस. तू आमची. तिकडेच राहा आणि मान सांभाळ.’

‘तू आमची’ हे शब्द मी एकदाच वाचले.

त्याखाली भावजींनी स्वतःच्या दोन ओळी घातल्या आहेत. भावजी, आत्याला त्या तुम्ही वाचून दाखवल्या नसणार, म्हणून आता मी इथे उतरवते आणि तुम्ही मोठ्याने वाचा: ‘चोरून वर जाऊन मका देऊन आलो. मायतामामा म्हणाले, पोरीला लिही, सदऱ्याला उलटी बाजू नव्हती, मी बघितलं.’

आत्या, तुला विणकामातलं कळतं. साध्या वस्त्राला एक सुलटी बाजू असते आणि एक उलटी, जिथे धाग्यांची टोकं लोंबतात. इंकांच्या काळी सूर्यदेवाच्या घरात वाढलेल्या बायका जसं विणायच्या, त्याला उलटी बाजू नसते. दोन्हीकडे तेच. कात्री लागत नाही, चारही काठ मागावरच पुरे होतात. आपल्या खोऱ्यात ते शिकलेली एकच मुलगी आहे.

पेटीतलं प्रत्येक वस्त्र बाबांच्या हाताखालचं. हा सदरा त्यातला नाही, हे त्यांना तिथेच कळलं होतं.

आता मी क्रमाने सांगते. क्रमाने सांगितलं नाही तर मी काहीतरी स्वतःच्या सोयीचं आधी सांगेन.

गुहेत आम्ही दोघंच होतो, बाबा आणि मी. तू खाली चोकेला पिसं लावत होतीस. बाबांनी आजोबांना उचलून उजेडात आणलं. त्यांचं वजन सरपणाच्या मोळीएवढं होतं. बाबा त्यांच्याशी बोलत होते, ‘थोडे दिवस, आजोबा, थोडे दिवस. कपडे साधे आहेत, रागावू नका.’ मग धुकं उठायला लागलं, कोणी वर येत नाही ना ते बघायला बाबा तोंडाशी गेले. मी कुस्कोहून आणलेल्या माझ्या गाठोड्यातून सदरा काढला आणि आजोबांच्या अंगात घातला. त्यांचे हात गुडघ्यांवर बांधलेले असतात, म्हणून ते भोकांतून बाहेर काढता आले नाहीत. डोक्यावरून सोडला आणि पाठीशी खोचला. वरून चोकेचं घोंगडं लपेटलं. बाबा परत आले आणि दोरी त्यांनी आवळली. आत काय आहे ते त्यांना माहीत नव्हतं.

का घातला, असं तू विचारशील. आजोबांना थंडी वाजेल म्हणून, असं मी तेव्हा स्वतःला सांगितलं. ते खरं नाही. घोंगडं पुरेसं जाड होतं, आणि जाडी मला कळते. पाच पिढ्या राजाच्या वस्त्रात राहिलेल्या माणसाच्या अंगाला राखणदाराचं भरड घोंगडं कसं लावायचं, असंही सांगितलं. यात थोडं खरं आहे. पण तेवढ्यासाठी पेटीतला एखादा जुना सदरा चालला असता, आणि बाबांना विचारता आलं असतं. मी विचारलं नाही, कारण तो सदरा पेटीतला नव्हता. माझा होता.

बाईसाहेब चर्चला जात तेवढ्या वेळात मी तो विणत आले. बाकी माझं सगळं काम कोणाच्या भिंतीवर गेलं, कोणाच्या खुर्चीवर गेलं, त्यावर दाढीवाले रेलून बसतात. चांगलं विणलं काय आणि वाईट विणलं काय, त्यांना फरक कळत नाही. मला एक वस्त्र असं हवं होतं की जे आपल्या माणसाच्या अंगावर राहील, आणि मी गेल्यावरही राहील. तुम्ही सगळे आजोबांचा जीव वाचवत होतात. मी माझं काम ठेवायला जागा शोधत होते.

ही गोष्ट मी दोन पत्रं टाळली.

पुढचं तू पाहिलंस, तरी माझ्या बाजूने पाहिलं नाहीस. अंमलदार चोकेला खेचरावर बांधून निघाला होता. तेवढ्यात फादर म्हणाले की गुहेतल्या बाकीच्यांनाही खाली आणून ख्रिस्ती माती द्या. एकेकाला बाहेर काढायला लागले. घोंगडं कपारीला अडकलं आणि खांद्यावर फाटलं. आत लाल दिसलं. तो कान्यारी जमातीचा दुभाषी, आपल्या लोकांविरुद्ध दाढीवाल्यांचे घोडे धरून कुस्कोत शिरलेल्यांपैकी एकाचा मुलगा, हसायला लागला. ‘बघा तरी! लामांच्या लेंड्या वेचणारा आतून राजाचा सदरा घालून बसलाय. भारीच राखणदार होता की तुमचा!’ मग त्याने चोकेकडे बघितलं, मग आजोबांकडे, आणि त्याचं हसणं थांबलं.

अंमलदाराने विचारलं, ‘याला कोणी गुंडाळलं?’

तू माझ्या शेजारी होतीस. पोरीला भोवळ येईल म्हणून तू माझा दंड धरला होतास. मी तोंड उघडलं होतं, असं मला वाटतं. पण खात्री नाही, म्हणून तो मुद्दा मी माझ्या बाजूने धरत नाही. बाबा बोलले, ‘मी.’ अंमलदाराने विचारलं, ‘एकट्याने?’ बाबा म्हणाले, ‘पोरगी दिवटी धरून होती. तिला काय कळतंय.’

त्यानंतर त्यांनी सदरा काढून घेतला आणि आजोबांना जाळलं. बाबांना खांबाला बांधलं. कातर मागवली. बाबांनी एकदासुद्धा माझ्याकडे बघितलं नाही. मला वाटलं, ते रागावले आहेत. आता कळतं की बघितलं असतं तर लोकांनी त्यांच्या नजरेच्या टोकाला कोण आहे ते पाहिलं असतं. मी ओरडले नाही. तू रडत होतीस, तुझ्या पाठीवरून मी हात फिरवला. चोकेला मात्र मंत्र म्हणून चर्चच्या अंगणात पुरलं.

मी यानंतर कुस्कोला परत आले. पडद्याचं काम अर्धं राहिलं होतं, असं कारण मी सांगितलं. ते खरं होतं.

आता जे राहिलं ते बाकी सगळ्यापेक्षा लहान आहे, आणि ते लिहिण्यासाठी मी सकाळपासून दोनदा उठून पाणी पिऊन आले.

अंमलदाराने मला बोलावलं तेव्हा सदरा टेबलावर पसरलेला होता. दोन-तीन माणसं तो उलटून पालटून बघत होती आणि कोणालाच उलटी बाजू सापडत नव्हती. मी गेले ती खोटं बोलायचं ठरवूनच. जुनं काम आहे, असं सांगायचं, म्हणजे माझं नाव येणार नाही. पेटी बाबांच्या ताब्यात आहे, जुनं म्हटलं की त्यांच्याकडेच बोट जाईल, हा विचार मी केला नाही. करायला हवा होता. दहा धागे पुढचं बघून विणणारी मी, हे एवढं मला दिसलं नाही. किंवा बघायचं नव्हतं.

मी म्हणाले, ‘इंकांच्या वेळचं.’ अंमलदार मान हलवून म्हणाला, ‘वाटलंच. असं काम करणारं आता कोणी जिवंत नाही, होय ना?’

आणि आत्या, मला बरं वाटलं.

आजोबांची राख अजून चौकातून उडत होती, बाबा पालथे पडून होते, आणि मला बरं वाटलं. छाती भरून आली. त्यांच्या भाषेत कोणी माझ्या कामाला असं म्हटलं नव्हतं. मी ‘होय, कोणी नाही’ म्हणाले, आणि ते म्हणताना जवळजवळ हसले. दारातून बाहेर पडल्यावर ते बरं वाटणं गेलं. पण ते आलं होतं. मारामुळे, भीतीमुळे माणूस गप्प राहतो, हे लोक समजून घेतात. हे कोणी समजून घ्यावं असं मी मागत नाही.

कुस्को पडलं तेव्हा तू नवी नवरी होतीस. बाबा अजून बिनलग्नाचे होते. त्यांनी आजोबांना सरपणात लपवून, पाठीवर घालून, घोडेस्वारांच्या मधून खिंडीपार आपल्या गावी, उर्कोपाम्पाला आणलं. ही गोष्ट तूच मला सांगितली आहेस. त्या माणसाने आजोबांना विकलं असं तुला वाटलंच कसं, असं मी तुला विचारणार नाही. तसं वाटण्याची सगळी तयारी मी करून दिली.

पोरगी बापाला वाचवायला आता स्वतःवर घेते आहे, असं तू म्हणशील. तुझ्या जागी मीही म्हटलं असतं. म्हणून पुरावा पाठवते. अंमलदाराने तो सदरा बाईसाहेबांना भेट दिला. त्यांना त्यातून चर्चमधल्या बाळ येशूसाठी झगा हवा आहे. काल मी तो कापला. असं वस्त्र कधी कापत नाहीत, हे तुला सांगायला नको. कातर लावली तेव्हा आवाज झाला नाही. उरलेल्यातला तळहाताएवढा तुकडा यासोबत आहे. त्यातला लाल धागा उसवून बोटांत चोळ. पिवळा डोंगरातल्या विकुन्याच्या लोकरीचा आहे, तो रेशमासारखा सरकेल. लाल सरकणार नाही, बोटाला धरेल, आणि ओला केलास तर वास येईल. विकुन्याची लोकर मला पुरली नाही, म्हणून लाल रंगासाठी मी मेंढीची वापरली. आजोबांच्या वेळी आपल्याकडे मेंढ्या नव्हत्या. मेंढ्या दाढीवाल्यांनी आणल्या. तुझ्या हाताला हे क्षणात कळेल. अंमलदाराला कळलं नाही, आणि त्याच्या अंगातला सदरा त्याच मेंढीचा होता.

म्हणजे दाढीवाल्यांची लोकर आजोबांच्या उघड्या अंगाला लावणारीही मीच. हे विणताना मला ठाऊक होतं. चांगलं दिसत होतं, म्हणून मी चालवून घेतलं.

भावजी, इथवर तुम्ही घरात, दार लावून वाचलं असेल. आता पत्र घेऊन अंगणात जा. लावणीच्या आधी सगळे दारू प्यायला तुमच्याकडे जमतात, तेव्हा पहिल्या ओळीपासून पुन्हा वाचा. लाह्या, तुम्ही चोरून दिलेला मका, सगळं. लोक हसले तर हसू द्या, पुढचं ऐकायला थांबतील. हे फादरच्या कानावर जाईल आणि तिथून अंमलदाराकडे, हे मी धरून चालले आहे. अंमलदारापुढे खोटी साक्ष दिली म्हणून काय करतात ते मला माहीत आहे. त्याला कातर लागते आणि एक खांब. बाबांना विचारायला जाऊ नका. ते नाही म्हणतील.

बाईसाहेबांना मी सांगितलं आहे की पडदा दुसऱ्या कोणाकडून पुरा करून घ्या. त्या म्हणाल्या, ‘वेडी झालीस का लुसिया? सिंहाचं अर्धंच तोंड झालंय!’ मी म्हटलं, कुत्रा समजून कोणीही पुरं करेल. त्यांनी थोबाडीत मारली. ठीक आहे.

हे पत्र तांड्याबरोबर आज निघतं आहे. मी दोन दिवस मागून पायी निघते. मुद्दाम मागून, म्हणजे माझ्या तोंडाकडे न बघता तुम्हाला ठरवता येईल. मी तुझ्या दारात येणार नाही. वाटेने सरळ बाबांच्या वावरात जाईन. लावणीला पुरुष जमीन उचकटतो आणि समोर बसून बाई ढेकूळ उलटते. आई गेल्यापासून बाबांच्या समोर तू बसत होतीस. या वर्षी मी बसेन. बाबांनी मला बसू दिलं तर.

विस्तव मात्र मी यायची वाट न बघता पाठव. वर थंडी फार असते. तो नाकारायचाच असेल तर आल्यावर मला नाकारा. त्यांना आजच द्या, तुझ्या स्वतःच्या चुलीतला, तुझ्या स्वतःच्या हाताने, आणि देताना त्यांच्या तोंडाकडे बघ.

मला माफ कर असं मी लिहिणार नाही. ते मागण्याची माझी पाळी बाबांनंतर येते.

जिच्यासाठी तो माणूस गप्प राहिला ती,
मायताची मुलगी
चिम्पु